बदलते सुरत आणि जुन्या वस्त्यांचा प्रश्न

सुरत शहर गुजरात राज्यात असले, तरी खानदेशातील खेड्यापाड्यांना ते परके नाही. खानदेशातून वाहत जाणारी तापी नदी सुरतेजवळ समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यातून गेलेला लोहमार्ग जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार व नवापूर ही गावे सुरतेशी जोडतो. येवल्याच्या पैठणीला लागणारी जर सुरतेहून येते आणि यंत्रमागावर किंवा हिऱ्याच्या कारखान्यात काम शोधणारा खानदेशी तरुण सुरतेस जातो. त्यामुळे त्या शहरात होणाऱ्या बदलांचे परिणाम महाराष्ट्रातील अनेक घरांपर्यंत पोहोचतात. शिवाय जे सुरतेत मोठ्या प्रमाणावर घडले, तेच आज महाराष्ट्रातील वाढत्या शहरांत कमीअधिक प्रमाणात घडत आहे. या दोन्ही कारणांनी सुरतेच्या जुन्या वस्त्यांची कथा समजून घेण्यासारखी आहे.

वाढीचा वेग

१९६१ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८८ हजार होती. १९९१ मध्ये ती १५ लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये सुमारे ४४ लाख ६७ हजार झाली. पन्नास वर्षांत पंधरापट वाढ झालेली अशी शहरे देशात थोडीच आहेत. या वाढीमागे कृत्रिम रेशमी कापडाचा धंदा, हिऱ्यांना पैलू पाडण्याचा व्यवसाय आणि नंतर हजिरा परिसरात उभे राहिलेले मोठे उद्योग ही प्रमुख कारणे आहेत. २००६ मध्ये आसपासची अनेक गावे समाविष्ट करून घेतल्यामुळे महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरवर गेले.

या आकड्यांच्या पोटात आणखी एक आकडा दडलेला आहे. महानगरपालिकेच्या मध्य विभागात, म्हणजे तटाच्या आतील जुन्या शहरात, २००१ मध्ये सुमारे ४ लाख १४ हजार लोक राहत होते. २०११ मध्ये ते सुमारे ४ लाख ९ हजार झाले. दहा वर्षांत सबंध शहर जवळजवळ दुप्पट झाले, पण त्याच्या गाभ्यातील रहिवासी मात्र थोडे घटले. शहराच्या मध्यभागी जमिनीचा भाव सर्वांत अधिक असताना तेथील माणसे कमी का व्हावीत, या प्रश्नाच्या उत्तरातच वस्तीच्या रूपांतराचे मर्म आहे.

संज्ञेचा अर्थ

एखाद्या जुन्या, साध्या उत्पन्नाच्या लोकांच्या वस्तीत अधिक पैसेवाले लोक किंवा व्यवसाय येतात, घरांचे भाडे व जागेचे भाव वाढतात, मूळचे रहिवासी हळूहळू बाहेर पडतात आणि वस्तीचे रूपच पालटते. या प्रक्रियेला ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये, लंडनमधील कामगारवस्त्यांच्या अभ्यासातून, एक नवी संज्ञा दिली. मराठीत तिला वस्तीचे उच्चवर्गीकरण म्हणता येईल. लंडनमध्ये मध्यमवर्गीय कुटुंबांनी कामगारांची जुनी घरे घेऊन ती दुरुस्त केली व तेथे राहू लागली.

सुरतेत मात्र हीच प्रक्रिया वेगळ्या वाटेने गेली. तेथील सधन कुटुंबे जुन्या शहरात राहावयास आली नाहीत, उलट ती अठवा, अडाजण, पिपलोद व पुढे वेसू अशा मोकळ्या भागांकडे निघून गेली. त्यांच्या रिकाम्या झालेल्या घरांची जागा दुकाने, गोदामे व कचेऱ्यांनी घेतली. नदीकाठच्या गरीब वस्त्या दूर हलविल्या गेल्या आणि जी गावे शहराच्या सीमेवर होती, त्यांच्या शेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. वाटा निरनिराळ्या असल्या, तरी परिणाम एकच झाला. जागेचा भाव तिच्यावर राहणाऱ्या माणसाच्या मिळकतीला झेपेनासा झाला.

शेरीची घडण

जुने सुरत म्हणजे शेरी, फळिया आणि मोहल्ला यांचे शहर. गोपीपुरा, नाणावट, वाडीफळिया, सोनीफळिया, बेगमपुरा, सगरामपुरा, सलाबतपुरा, नानपुरा ही नावेच तेथील इतिहास सांगतात. गोपीपुरा हे नाव मलिक गोपी या सधन व्यापाऱ्याचे आहे; नाणावटीत सराफीचा व्यवहार चाले; सोनीफळिया सोनारांचे. मराठी वाचकाला शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे हे शहर परिचित आहे. पहिल्या स्वारीनंतरच मोगलांनी शहराच्या मातीच्या तटाच्या जागी विटांचा तट उभारला. १८३७ साली लागलेल्या भीषण आगीत नऊ हजारांवर घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूरही आला. तरीही त्याच अरुंद गल्ल्यांतून शहर पुन्हा उभे राहिले.

येथील जुनी घरे अरुंद दर्शनी बाजूची व खोलवर गेलेली असत. लाकडी खांब, कोरीव तुळया आणि दारासमोर ओटला हे त्यांचे सामान्य रूप. ओटला ही केवळ बसण्याची जागा नव्हे. भाजी निवडणे, हिशेब करणे, मुलांवर लक्ष ठेवणे, वृद्धांनी सायंकाळ घालविणे ही सारी कामे तेथे होत. शेरीत अनोळखी माणूस शिरला, तर तो चार ओटल्यांच्या नजरेखालून जाई.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे घर आणि धंदा यांचे सान्निध्य. याचे उत्तम उदाहरण जरीचे आहे. चांदीची कांब ओढून केसासारखी बारीक तार काढणे हे एकाचे काम. ती तार दाबून चपटी करणे दुसऱ्याचे. ती रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळून कलाबूत तयार करणे तिसऱ्याचे. आणि तिला सोन्याचा मुलामा देणे चौथ्याचे. ही कामे पिढ्यान्पिढ्या शेजारपाजारच्या घरांत वाटलेली असत. घरातील स्त्रियाही स्वयंपाकपाणी सांभाळून त्यात हातभार लावीत. अर्धवट तयार झालेला माल एका दारातून निघून पलीकडच्या दारात जाई. त्यासाठी गाडीभाडे लागत नसे, लेखी करार लागत नसे आणि उधारीला ओळख पुरेशी असे. अशा साखळीतील एक घर उठले, की उरलेल्यांचा खर्च वाढतो. चार घरे उठली, की त्या शेरीत धंदा करणेच परवडेनासे होते. वस्तीचे वैशिष्ट्य म्हणतात ते अशा व्यावहारिक गोष्टींवर उभे असते. कोरीव खांब हा त्याचा दिसणारा भाग असतो, एवढेच.

घरांची गोदामे कशी झाली?

जुन्या घरांची दुरवस्था होण्यास अनेक कारणे घडली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना मोठे संरक्षण मिळाले व ते त्या काळी आवश्यकच होते. परंतु भाडी वर्षानुवर्षे गोठून राहिल्यामुळे मालकाला डागडुजी परवडेना. दुसरीकडे, वारसांची संख्या वाढत गेली आणि एका घराचे दहा-बारा भागीदार झाले. लाकूडकामाची दुरुस्ती महाग, कुशल सुतार दुर्मिळ, मोटार दारापर्यंत येत नाही, मुलांना स्वतंत्र खोली नाही. अशा स्थितीत कुटुंबाने नव्या भागात सदनिका घेणे स्वाभाविकच होते. त्यांच्या या निर्णयाला दोष देता येणार नाही.

याच सुमारास बाजाराची मागणी वाढत होती. रिंग रोडलगत कापडबाजारांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या व त्यांना गोदामे हवी होती. महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार तर गल्लीतच भरतो. दलाल कागदाच्या लहान पुड्यांतून लाखोंचा माल घेऊन रस्त्यावर, पायरीवर, उभ्या स्कूटरवर सौदे करतात. तेथील घरांत कचेऱ्या व तिजोऱ्या आल्या. राहत्या कुटुंबाने जे भाडे देणे शक्य नव्हते, ते व्यापारी सहज देऊ लागला. एका घराचे दुकान झाले की शेजाऱ्याला वर्दळीचा त्रास होतो. त्यालाही घर विकण्याचा मोह होतो. आणि संध्याकाळी दुकाने बंद झाल्यावर शेरीत दिवा लावणारे कुणी उरत नाही.

१७ डिसेंबर २०२३ रोजी शहराच्या दक्षिणेस खजोद येथे भव्य हिरे बाजार संकुलाचे उद्घाटन झाले. जुन्या गल्लीतील व्यापार तेथे हलावा हा त्यामागील हेतू. तो सफल होण्यास वेळ लागणार हे उघड आहे, कारण गल्लीतील बाजार केवळ जागेवर चालत नाही. कोणाची पत किती, कोणाचा शब्द कितपत खरा, याची माहिती त्या गर्दीतच मिळत असते. व्यापारी गेले तरी महिधरपुऱ्यात पूर्वीची कुटुंबे आपोआप परतणार नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास हवे. एकदा राहती वस्ती मोडली की ती पुन्हा बसविणे अवघड असते.

१९९४ चा धडा

जुन्या वस्त्यांबद्दल बोलताना त्यांचे दोष झाकणे योग्य ठरणार नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये पूर व साचलेला कचरा यांच्या पाठोपाठ सुरतेत प्लेगची साथ पसरली आणि लक्षावधी लोकांनी शहर सोडले. खानदेशातील कित्येक गावांत त्या दिवसांत माणसांनी भरलेल्या गाड्या परतल्या. १९९५ मध्ये एस. आर. राव महानगरपालिका आयुक्त झाले. त्यांनी विभागवार अधिकार वाटून दिले, कचरा रोज उचलण्याची शिस्त लावली आणि बेकायदा बांधकामे पाडून रस्ते रुंद केले. यात मोठ्या धनिकांची बांधकामेही सुटली नाहीत, हे विशेष. थोड्याच काळात देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली.

या कामाने अनेकांचे प्राण व आरोग्य वाचले, याबद्दल दुमत नाही. त्याच वेळी रुंदीकरणात अनेक घरांच्या दर्शनी बाजू कापल्या गेल्या, ओटले गेले आणि रस्त्याकडेला पूर्वी राहती असलेली खोली दुकानाच्या गाळ्यात बदलली. रस्ता आवश्यक होता, पण ओटल्यावरचे जीवन कोठे जाईल याची तजवीज कोणत्याही नकाशात नव्हती. सुधारणा करू नये असा याचा अर्थ नाही. कोणत्या सुधारणेची किंमत कोण देतो, याचा हिशेब कामाच्या आधी मांडला पाहिजे, असा तो आहे.

नदीकाठची माणसे

हा हिशेब नदीकाठी अधिक स्पष्ट दिसतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पूररेषेतील झोपड्या सर्वांत आधी बुडाल्या. त्यानंतर केंद्र शासनाच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतील सहाय्याने शहराच्या उत्तरेस कोसाड येथे मोठी वसाहत बांधण्यात आली आणि नदीकाठच्या अनेक कुटुंबांना तेथे पक्की घरे देण्यात आली.

पक्के छप्पर, नळ, शौचालय व पुरापासून सुरक्षितता हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु नदीकाठची झोपडी गरिबाने काही हौसेने निवडलेली नव्हती. तेथून बाजार, दवाखाना आणि काम पायी चालण्याच्या अंतरावर होते. दोन-तीन घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला ती घरे जवळ असतील, तरच सकाळची तीन कामे साधतात. हातगाडीवाल्याला गिऱ्हाईक जवळ हवे, हमालाला बाजार पहाटे गाठावयास हवा. घर काही मैल दूर गेले की येण्याजाण्याचे भाडे रोजच्या मजुरीतून जाते आणि पहिला फटका बहुधा स्त्रीच्या कमाईला बसतो. पूर्वीचे शेजारी निरनिराळ्या इमारतींत विखुरले गेले, तर मूल सांभाळणारी शेजारीणही उरत नाही. मोकळा झालेला नदीकाठ सुशोभित झाल्यावर त्यालगतच्या जागांचे भाव चढतात. तो लाभ मात्र पूर्वी तेथे राहणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही.

लिंबायत-उधना: मराठी माणसांच्या वस्त्या

यंत्रमाग जसजसे जुन्या शहरातून उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांकडे पसरले, तसतशी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. नवागाम-डिंडोली परिसरातही त्यांची मोठी वस्ती आहे. शेजारीच ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे, उत्तर प्रदेशाचे व बिहारचे कामगार राहतात. श्रावणात येथे कानबाईची स्थापना होते, भाऊबंद एकत्र येऊन रोटांचा प्रसाद घेतात आणि अहिराणी गीतांच्या साथीने कानबाईची मिरवणूक निघते. अक्षय्य तृतीयेची आखाजी येथे साजरी होते. नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालविते, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

या वस्त्या जुन्या शहराइतक्या प्राचीन नाहीत आणि त्यांच्या घरांना कोरीव खांबही नाहीत. तथापि वस्तीचे जे खरे बळ, म्हणजे ओळख, उधारी, अडीअडचणीला धावणारा माणूस आणि गावाहून आलेल्याला पहिले काम मिळवून देणारा नातलग, ते येथे भरपूर आहे. एकेकाळी शहराबाहेरच्या या जमिनी आता शहराच्या आत आल्या आहेत. ज्या मेट्रो रेल्वेची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली, तिच्यासारखी मोठी कामे ज्या भागातून जातात, तेथे जागेचे भाव वाढणे हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. घरमालकाला त्याचा लाभ होतो. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार मात्र आणखी दूर ढकलला जातो. मराठी शाळेचा वर्ग वस्तीतील मुलांच्या संख्येवर चालतो. कुटुंबे विखुरली की पट घटतो आणि पट घटला की वर्ग बंद होतो. कानबाईचे रोट करणारे भाऊबंद चार उपनगरांत पांगले, तर त्या सणाचेही स्वरूप बदलते.

मुंबईच्या गिरणगावात हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या मोडकळीस आल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे करून एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकासाठी ठेवण्याची तरतूद होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि समाजाच्या वाट्याला आलेले क्षेत्र पुष्कळ घटले. नियमातील एका ओळीने सबंध वस्तीचे भवितव्य कसे ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

काय करता येईल?

शहर बदलणारच. तथापि त्याची दिशा ठरविण्याची साधने उपलब्ध आहेत. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली व गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांची दखल घेतली गेली. अहमदाबादच्या तटाआतील शहराला जुलै २०१७ मध्ये जागतिक वारसा नगराचा दर्जा मिळाला. तेथे जुने घर जतन करणाऱ्या मालकाला, न वापरलेले बांधकामाचे हक्क अन्यत्र विकून दुरुस्तीचा पैसा उभा करता येतो. सुरत महानगरपालिकेनेही जुना किल्ला व गोपी तलाव यांची पुनर्रचना केली आहे, तसेच कवी नर्मद यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराई तर महानगरपालिकेची मुख्य कचेरी आहे. जुनी वास्तू वापरात राहिली तरच टिकते, हे त्यावरून दिसते. हाच न्याय राहत्या घरांना लावणे ही पुढची पायरी ठरेल.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पहिले काम म्हणजे रस्ता किंवा पुनर्वसन योजना आखण्यापूर्वी घरांबरोबर उपजीविकांची नोंद करणे. कोण काय काम करतो, ते कोठे करतो, किती अंतर चालतो आणि कोणत्या शेजाऱ्यांवर अवलंबून आहे, एवढी माहिती घेतली तर अनेक चुका टळू शकतात. पुनर्वसन करावेच लागले, तर जवळच्या जागेला अग्रक्रम द्यावा आणि एका गल्लीतील कुटुंबांना एकाच इमारतीत घरे मिळावीत. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे; त्यातील सर्वेक्षण व परवान्यांच्या तरतुदी वेळीच अमलात आणल्या, तर सुधारलेल्या रस्त्यावरही जुन्या विक्रेत्याला स्थान राहते.

शिक्षकांना या कामात मोलाचा वाटा उचलता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील गल्ल्यांची जुनी नावे, विहिरी, पार, धंदे, सण व बोलीतील शब्द वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढले, तर प्रत्येक शाळेत स्थानिक इतिहासाची एक वही तयार होईल. नाव लिहिलेले असेल तर ते पुसताना नियोजनकाराला विचार करावा लागतो.

गावाहून सुरत, नाशिक, पुणे वा मुंबईस कामासाठी जाणाऱ्यांनी भाड्याची पावती, शिधापत्रिका, वीजबिल, मतदारयादीतील नोंद इत्यादी वास्तव्याचे पुरावे जपून ठेवावेत. पुनर्वसनाचा हक्क बहुतेक ठिकाणी ठराविक तारखेपूर्वीच्या वास्तव्यावर ठरतो आणि कागद नसल्यामुळे वीस वर्षे राहिलेले कुटुंबही अपात्र ठरू शकते. तसेच ज्या गावांच्या वेशीपर्यंत शहर पोहोचले आहे, त्यांनी गावठाण, चराई व पाणवठे यांच्या नोंदी अद्ययावत ठेवून, विकास आराखडा प्रसिद्ध होताच मुदतीत हरकती व सूचना दाखल कराव्यात. आराखडा मंजूर झाल्यानंतर केलेल्या तक्रारीचा उपयोग थोडाच होतो.

सुरत शहराने स्वाऱ्या, आगी, पूर आणि साथी पचविल्या. दर वेळी ते पुन्हा उभे राहिले, कारण शेरीतील माणसे परत येऊन त्याच ओटल्यावर बसली व त्याच शेजाऱ्याच्या मदतीने त्यांनी धंदा पुन्हा सुरू केला. आजच्या बदलात धोका आहे तो याच ठिकाणी. घरे पूर्वीपेक्षा भक्कम होत आहेत, रस्ते रुंद होत आहेत, परंतु पुढील संकटात एकमेकांना नावाने हाक मारणारी माणसे शेजारी असतील की नाही, हे आजच्या नियोजनावर अवलंबून राहील.